क्युसेकचा आकडा उंबऱ्यापर्यंत पोचत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात पहिल्या पानावर एक चौकट येऊ लागते : उजनी किती टक्के, वीरमधून किती पाणी सोडले, सीना-कोळेगावचे किती दरवाजे उचलले. आकडे बरोबर असतात. पण मोहोळ, माढा किंवा दक्षिण सोलापूरच्या नदीकाठच्या घरात तो आकडा वाचून आज काही उचलायचे की निवांत राहायचे, हे कुणालाच ठरवता येत नाही. एक लाख क्युसेक म्हणजे मारुतीच्या पारापर्यंत पाणी, की वेशीच्या आत? आणि ते किती तासांनी? हे कोष्टक धरणावर तयार होत नाही. ते गावाने, आणि खरे तर प्रत्येक घराने, स्वतःसाठी करायचे असते. बहुतेक ठिकाणी ते झालेले नाही. मृग तोंडावर असताना त्याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सोलापूर म्हणजे दुष्काळ, टँकर आणि चारा छावणी, अशीच आपली आपल्याबद्दलची समजूत आहे. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ती चुकीचीही नाही. घोटाळा असा की या पावसाचा सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. तोपर्यंत वरची धरणे भरलेली, जमीन पाणी पिऊन तट्ट, आणि ज्वारीची पेरणी डोळ्यांसमोर असल्यामुळे सगळे आभाळाकडे पाऊस मागत असतात. अशा वेळी आलेला पाऊस जमिनीत मुरत नाही, धरणात मावत नाही. ऑगस्ट २०१९ आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेने आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने हेच दाखवले. सीनेच्या त्या पुरात पुणे रस्त्यावरचा लांबोटीचा पूलसुद्धा वाहतुकीला बंद ठेवावा लागला होता.

दोन नद्यांचा स्वभाव वेगळा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. भीमेवर उजनीसारखे मोठे धरण असल्याने तिथे थोडा आधी इशारा मिळतो. पण पंढरपूरला येणारे पाणी एकट्या उजनीचे नसते. वीर धरणाचे पाणी नीरेतून येऊन नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते, त्यामुळे दोन्ही विसर्गांची बेरीज करावी लागते. सीनेच्या खोऱ्यातली धरणे त्या मानाने लहान आहेत. सीना-कोळेगाव, परंड्याकडचे खासापुरी आणि चांदणी ही भरलेली असतील, तर नगर-धाराशिवकडे रात्री पडलेला पाऊस जवळजवळ जसाच्या तसा खाली येतो. वाटेत भोगावती मिळते. शेवटी हत्तरसंग कुडलला सीना भीमेला भेटते. तिथे भीमा आधीच फुगलेली असेल, तर सीनेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबते. त्यामुळे दक्षिण सोलापूरच्या शेवटच्या गावांनी सीनेचा आकडा उतरला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. भीमेचाही बघावा.

आता क्युसेक. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी. एक लाख क्युसेक सलग चोवीस तास वाहिले तर ८.६४ टीएमसी होतात (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे, म्हणजे सहा दिवसांत तो संपूर्ण वाहून जाईल इतका तो प्रवाह. हा हिशोब अंगावर येतो खरा, पण त्यातून पाण्याची उंची कळत नाही. उंची ठरते नदीच्या पात्राच्या रुंदीवर, पुलाच्या मोऱ्यांवर, आणि कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेल्या आहेत की काढलेल्या यावर. पाऊस संपायच्या आत पाणी अडवण्याच्या घाईत बरगे टाकले आणि मागून लोंढा आला, तर पाणी बंधारा सोडून बाजूची काळी माती कापत जाते. बंधारा कोरडा उभा आणि नदी शेजारच्या शेतातून, असे चित्र मग दिसते. बरगे कोण काढणार, किल्ली-साखळी कुणाकडे, काढलेले बरगे ठेवायचे कुठे, हे जूनमध्येच ठरलेले असावे.

कोष्टक करण्याची रीत सोपी आहे. मागच्या पुराची चिखलाची रेघ अजून काही भिंतींवर दिसते. दसऱ्याच्या रंगरंगोटीत ती पुसली जाते आणि दोन वर्षांत 'इथवर नव्हतं आलं' असा वाद सुरू होतो. म्हणून शाळेच्या, देवळाच्या किंवा पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने पट्टा मारून तारीख लिहावी. मग गवंड्याकडची लेव्हल पाइप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती पातळी घराघरांच्या भिंतीवर उतरवावी. नळी वीस-तीस मीटरची असली की दोन माणसांत गल्लीभर काम होते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, त्यामुळे भरताना एक टोक बादलीत बुडवून पाणी हळू ओढावे आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे आहे का पाहावे. नदीला उतार असतो, म्हणून वरच्या वस्तीवरची खूण मैलभर खालच्या वस्तीला लावू नये. तिथे वेगळी करावी.

त्या पट्ट्याखाली फुटाफुटाच्या रेघा मारायच्या. पूर आला की वहीत चार गोष्टी लिहायच्या : तारीख, वाजले किती, वरून किती क्युसेक सोडल्याची बातमी कधी आली, आणि पाणी कितव्या रेघेवर. दोन-तीन पुरांनंतर गावाला आपले कोष्टक मिळते. वडकबाळ (सीना), टाकळी आणि नरसिंहपूर (भीमा) या ठिकाणी केंद्रीय जल आयोगाची पाणी मोजणारी ठाणी आहेत. तिथली पातळी आणि आपली रेघ यांचा मेळ लागला, तर धरणाच्या आकड्यापेक्षा तो जास्त विश्वासाचा.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण विसरतात. घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी वाट बंद होते. नदी आणि ओढा यांच्यामधल्या उंचवट्यावरची वस्ती 'आमच्याकडं पाणी येत नाही' म्हणून निर्धास्त असते, आणि तिचेच बेट होते. नदी फुगली की ओढ्याचे पाणी उलटे चढते आणि फरशी पूल पहिल्यांदा बुडतो. म्हणून निघायची खूण घराच्या उंबऱ्यावर नको, वाटेवरच्या सर्वांत खोलगट जागेवर हवी. त्या जागी पाणी घोट्याला लागायच्या आत म्हातारी माणसे, गरोदर बाई, लहान मुले पलीकडे गेलेली असावीत. वाहते पाणी सहा इंच असले तरी धडधाकट माणसाचा पाय सुटतो, फूटभर पाण्यात लहान गाडी सरकते, दोन फुटांत जीपही तरंगते. वरून फरशी पुलाचा काँक्रीट उखडला आहे की नाही, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. ट्रॅक्टर जड आहे म्हणून जातो, हा समज तर दरवर्षी कुणाचा ना कुणाचा घात करतो. मागची मोठी चाके हवेने भरलेली असतात, हे पाण्याला बरोबर कळते.

पाऊस घरच्या घरी मोजता येतो. सरळ कडांचा, तळ सपाट असलेला डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवायचा, सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. डब्याचे तोंड केवढे आहे याने फरक पडत नाही, फक्त कडा तिरप्या नसाव्यात. २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की महसुलाच्या भाषेत ती अतिवृष्टी, आणि एकरभर रानावर तेवढ्या पावसाने २ लाख ६० हजार लिटरच्या वर पाणी पडलेले असते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंद कमी आणि आपल्या शिवारात जास्त, असे वळवाच्या पावसात सर्रास होते. रोजची वही असेल तर निदान बोलायला आधार राहतो.

आता घराचे. शहरी याद्यांमध्ये बिस्किटे, नूडल्स, डबाबंद अन्न असे काय काय असते. आपल्याकडे त्याची गरज नाही. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भाजके शेंगदाणे आणि गूळ यांच्यावर पाच माणसांचे तीन दिवस आरामात निघतात, चूल पेटवावी लागत नाही. कडक भाकरी मात्र हवाबंद डब्यात हवी, पावसाळ्यात ती दोन दिवसांत मऊ पडते आणि मग बुरशी धरते. पाणी दर माणशी दिवसाला चार लिटर धरले तर पाच जणांना तीन दिवसांचे ६० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. रोजच्या गोळ्या (साखर, रक्तदाब, फीट) आठवड्याच्या बाजूला काढलेल्या असाव्यात. पुरानंतर औषधाचे दुकान उघडायला वेळ लागतो, आणि फिटाची गोळी चुकली की त्याच दिवशी त्रास होतो. आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, विम्याची पावती एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंडे उलट्या बाजूंना. प्रत्येक कागदाचा फोटो गावाबाहेरच्या एका नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावा. आपला फोन भिजतो, त्याचा नाही.

धान्य प्लास्टिकच्या दोनशे लिटरच्या ड्रममध्ये भरून झाकण घट्ट लावले की काम झाले, असे वाटते. पण दोनशे लिटरच्या ड्रममध्ये ज्वारी मावते साधारण दीडशे किलो, आणि तो ड्रम पाण्यात बुडाला तर दोनशे किलोंहून जास्त पाणी बाजूला सारतो. म्हणजे काठोकाठ भरलेला ड्रमही तरंगतो, आडवा होतो, दाराला धडकतो. तो खांबाला नाहीतर खिडकीच्या गजाला दोरीने बांधावाच लागतो. गॅसच्या टाकीचे तसेच. भरलेली घरगुती टाकी तीस किलोच्या आत, पण तिचे आकारमान पस्तीस लिटरच्या घरात. तीही तरंगते, आणि जाताना नळी तोडून जाते. रेग्युलेटर काढून, टोपी लावून, साखळीने बांधून ठेवावी. उलट छतावरची किंवा ओट्यावरची पाण्याची टाकी रिकामी ठेवू नये. भरलेली टाकी जागा सोडत नाही आणि पुरानंतर तेच पाणी पिण्याला होते.

दोरी नायलॉनची, बारा मिलिमीटर जाड, शंभर फूट. पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला विहिरीत डबा बांधतात, तेच तत्त्व इथे चालते. माणसाचे डोके पाण्यावर राहायला सात-आठ किलोची उचल पुरते, आणि झाकण घट्ट लावलेला वीस लिटरचा रिकामा कॅन त्याच्या दुपटीहून जास्त देतो. कॅन काखेखालून छातीशी बांधायचा. पाठीला बांधला तर तोंड पाण्यात जाते. ट्यूबमध्ये हवा भरून ठेवायची असेल तर तिच्या व्हॉल्व्हची बाजू बाहेर, नाहीतर अंग सोलून निघते.

जनावरांबाबत एकच नियम : दावे सोडायला सुरी लागली, तर उशीर झालेला असतो. पावसाळ्यात गाठ निसरती असावी, एका ओढीत सुटणारी, आणि दाव्याचे टोक गोठ्याच्या दारातून हाताला येणारे. चारशे किलोच्या गायीला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. चार जनावरांना तीन दिवसांचा कडबा म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास, तेवढा उंचावर वेगळा ठेवावा. कडब्याची बनीम सखल जागी रचू नये, रचलीच तर खाली दगड नाहीतर लाकडाचा थर द्यावा. भिजून काळा पडलेला कडबा वाळवून घातला तर बुरशीचे विष जात नाही, आणि गाभण जनावराला तो घालूच नये. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घ्याव्यात, पूर आल्यावर लस घेऊन उपयोग होत नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर स्पष्ट दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो आजच काढावा. जनावर गेल्यावर पंचनाम्यात पहिला प्रश्न त्याच नंबरचा असतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२.

वीज. पाणी अंगणात आले की मेन स्विच बंद, पण कोरड्या हाताने, कोरड्या पाटावर उभे राहून. पायाला पाणी लागत असेल तर स्विचला हात लावायचा नाही, १९१२ला फोन करून डीपीवरून वीज बंद करायला सांगायची. पाणी ओसरल्यावर शेतातला पंप चालू करायची घाई सर्वांत महाग पडते. स्टार्टर पेटी उघडून गाळ धुवायचा, दोन दिवस वाळवायची, मोटार वायरमनकडून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासायची. इन्सुलेशन एक मेगाओहमच्या खाली असेल तर बटण दाबताच वाइंडिंग जळू शकते, किंवा विजेचा धक्का बसू शकतो. घरात तीस मिलिअँपिअरचा गळती तोडणारा स्विच, ज्याला इलेक्ट्रिशियन आरसीसीबी म्हणतात, बसवलेला असेल तर अशा वेळी जीव वाचतो. एमसीबी वेगळा. तो तारांचा बचाव करतो, माणसाचा नाही.

पुराची जितकी चर्चा होते तितकी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, होत नाही, आणि ते आम्हाला चुकीचे वाटते. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस भिंती पाडतो असे जुनी माणसे म्हणतात, त्याला कारण आहे. गळायला लागले की दरवर्षी वरून नवी पांढरी माती पसरायची, ही पद्धत. दहा-पंधरा वर्षांत थर फूटभर होतो. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, कोरडी असताना सुमारे साडेचार टन. चार दिवसांची झड लागून ती भिजली की साडेपाच टन. म्हणजे मातीने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली डोक्यावर ठेवून घर झोपलेले असते. पण छत सहसा तुळई मोडून पडत नाही. तुळईचे टोक भिंतीत जिथे शिरते तिथे ओल राहते, वाळवी लागते, आणि टोक भुसभुशीत होऊन निसटते. उन्हाळ्यात प्रत्येक टोकाला टोचणी किंवा पेचकस दाबून बघावा. अर्धा इंच सहज आत गेला तर त्या तुळईखाली बाभळीचा टेकू द्यावा, आणि टेकूच्या पायाखाली लाकडाची फळी, नाहीतर ओल्या जमिनीत टेकूच खचतो.

जुना थर खरवडून पाऊणएक फूट किंवा त्याहून कमी ठेवावा, पण हे काम मे महिन्यातले. पाऊस चालू असताना वर चढून माती ओढणारा माणूस स्वतःचे वजन त्या ओझ्यात घालतो. उतार पन्हाळीकडे असावा, चाळीस इंचांना एक इंच तरी. पन्हाळीत गवत, उंदराने काढलेली माती, पोरांचा चेंडू, काहीही अडकते आणि छताचे तळे होते. ताडपत्री टाकायची तर ती भिंतीच्या बाहेर दोन फूट लोंबली पाहिजे. भिंतीच्या माथ्यावरच संपली तर सगळे पाणी भिंतीच्या पोटात उतरते, आणि ते छत गळण्यापेक्षा वाईट. दगड-मातीच्या भिंतीचे दोन पदर असतात, मध्ये खडीमातीची भर. पाणी त्या भरीत गेले की ती फुगते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. ओळंबा धरून बघावे, दहा फुटांत इंच-दीड इंचाहून जास्त पोट दिसले तर त्या भिंतीकडेला झोपणे बंद. रात्री माती झिरपायला लागली, रोजचे दार अचानक अडकायला लागले, तर झोपलेल्यांना तसेच उचलून बाहेर काढावे, सामान नंतर. पडती भिंत आपल्या घराची असेलच असे नाही. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जण गेले. पावसात आडोसा म्हणून भिंतीला टेकून उभे राहणे हे आपल्याला साधे वाटते.

किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, सोलापूरकरांनी अंथरुणातच अनुभवला. तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली ती याच रचनेखाली : दोन सुटे पदर, मध्ये भर, वर जड माळवद. भिंतीत आरपार जाणारे दगड असते तर पदर एकमेकांना धरून राहिले असते. नवी दगडी भिंत बांधताना उंचीला दर दोन फुटांवर आणि आडवे दर चार फुटांवर एक आरपार दगड, आणि दारावर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा, एवढे गवंड्याला ठणकावून सांगावे. पत्र्याच्या घराची अडचण उलटी. तिथे वजन नसते म्हणून वळवाचा वारा पत्रा उचलतो. वर दगड ठेवून तो थांबत नाही, दगडासकट उडतो. कडेच्या पत्र्याला हुकाचे बोल्ट मधल्यापेक्षा जवळजवळ हवेत.

वीज पडण्याबद्दल थोडक्यात, कारण नियम थोडे आहेत. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. दहा किलोमीटरच्या आत आली की रान सोडायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचे नाही. लिंबाखाली नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही, उघड्या ट्रॅक्टरवर नाही, चार खांबांच्या पत्र्याच्या शेडखाली नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली गाडी चालते. मेंढ्यांचा कळप झाडाखाली गोळा करणे ही मेंढपाळांची सवय मोडायला हवी. काहीच आडोसा नसेल तर दोन्ही टाचा जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' ॲप वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरातील विजेचा इशारा देते, फोनमध्ये असावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला शेणात पुरण्यात जाणारी पाच मिनिटे छाती दाबण्यात गेली पाहिजेत : छातीच्या मधोमध, दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, १०८ची रुग्णवाहिका येईपर्यंत.

पाणी ओसरल्यावर विहीर. पहिली चूक म्हणजे ती लगेच तळापर्यंत उपसणे. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतले पाणी काढले की कडा आत कोसळतात. काही दिवस जाऊ द्यावे, पाणी टप्प्याटप्प्याने काढावे. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाणी तीन मीटर असेल तर साधारण ३७,७०० लिटर होतात. नेहमीच्या मात्रेने, हजार लिटरला पाच ग्रॅम, १९० ग्रॅम पावडर लागते. पण पुराचे पाणी शिरलेल्या विहिरीला पहिल्यांदा याच्या दहा-बारा पट, म्हणजे सव्वादोन किलोपर्यंत देऊन, रात्रभर ठेवून, ते पाणी उपसून टाकावे लागते. पावडर कोरडी टाकू नये. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी ओतावे. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडतो, वास नसलेली पावडर म्हणजे नुसता चुना. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच संपतो, म्हणून घरच्या पिंपात आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचे, दोनशे लिटरला एक ग्रॅम टीसीएलचे निवळ द्यायचे आणि अर्धा तास थांबायचे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी तपासणीचे, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का बघायचे, किट असते, पाणी पिवळे व्हायला हवे. जुलाब लागले तर लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

गाळ काढताना हातात काठी आणि पायात गमबूट. घोणस, मण्यार, नाग, फुरसे चारही आपल्याकडे आहेत आणि त्यांचीही बिळे बुडालेली असतात. चावा बसला तर कापणे, बांधणे, चोखणे काही नाही, हात-पाय न हलवता सरळ सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात.

भरपाईसाठी आधी फोटो, मग झाडलोट. घराच्या भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याशेजारी फूटपट्टी, तारीख आणि जागा दाखवणारा कॅमेरा. केंद्राच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००, दुभत्या गायी-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये होते. मृताच्या वारसाला ४ लाख. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालते. पूर्ण आणि अंशतः यांतले अंतर बघा : पंचनाम्यात एक शब्द बदलला तर लाखाचा फरक पडतो. म्हणून पंचनाम्याची प्रत वाचूनच सही करावी, आणि वाहून गेलेल्या जमिनीची नोंद 'पीक नुकसान' म्हणून होत नाही ना हे पाहावे. त्याच निकषांत गाळ काढायला हेक्टरी १८,००० आणि नदीने जमीनच नेली असेल तर ४७,००० हे पिकापेक्षा वेगळे सदर होते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी. जून ते ऑक्टोबर आपण जी चौकट छापता, तिच्यात तीन ओळी वाढवाव्यात : उजनी आणि वीर यांची बेरीज, सीनेच्या खोऱ्यातल्या तिन्ही धरणांची बेरीज, आणि वडकबाळ, टाकळी व नरसिंहपूरची पातळी मागील दिवसापेक्षा किती चढली-उतरली. आकड्यापुढे पाणी सोडल्याची वेळही हवी, कारण सकाळी हातात येणारा आकडा बहुधा आदल्या संध्याकाळचा असतो आणि सीनेकाठी तेवढ्यात रेघ दोन फूट चढलेली असते. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी निळी (२५ वर्षांतून एकदा) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा) पूररेषा कार्यालयाच्या भिंतीवर रंगवून घ्यावी, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आपल्या गावातून मोबाइलवरून लागतो की त्याआधी ०२१७ लावावे लागते, हे कोरड्या दिवशीच एकदा फोन करून बघावे.

आपले,
सीनाकाठच्या गावांतील काही वाचक,
ता. मोहोळ, जि. सोलापूर